भाजक्या रताळ्याची शोचू: पाणी आदल्या रात्री मिसळा

पाहुणे शनिवारी येणार असतील तर शुक्रवारी रात्री झोपण्याआधी शोचूत, म्हणजे या जपानी गाळीव दारूत, पाणी मिसळून ठेवा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. मागच्या हिवाळ्यात फुकुओकातल्या आमच्या घरी सहा जणांना बोलावलं, बाटली निवडली, खाणं जमवलं आणि नेमकं हेच राहिलं. ऐनवेळी किटलीतलं उकळतं पाणी ओतलं. भाजक्या रताळ्याचा वास वाफेबरोबर उडाला, नाकाला झोंबलं ते नुसतं अल्कोहोल. दोघांनी पेले तसेच बाजूला ठेवले. शोचू म्हणजे हेच, असं त्यांच्या मनात बसलं असणार, याचं मला अजून वाईट वाटतं.

बाटलीवर ‘याकिइमो’, म्हणजे भाजकं रताळं, असं लिहिलेलं हवं. नेहमीच्या इमो-शोचूसाठी (रताळ्याच्या शोचूसाठी) रताळं वाफवतात, हिच्यासाठी भाजतात. ‘होनकाकु’ हा शब्दही बघा: ती एकदाच गाळलेली असते, म्हणून रताळ्याचा वास तिच्यात उरतो. सोबत वाफवलेल्या रताळ्याची एक बाटली घ्या, नाहीतर भाजण्याने काय बदललं ते कळणार कसं? दोन्हींची कोजी, म्हणजे शोचू आंबवायला वापरतात ती बुरशी, मात्र एकच असू द्या, काळी तर काळी, पांढरी तर पांढरी. काळ्या कोजीची शोचू भरदार लागते, पांढरीची हलकी. दोन्ही फरक एकदम आले की तुलना संपली.

आता पाणी. क्यूशू या जपानी बेटावरच्या कागोशिमात आधी पाणी मिसळून मुरवलेल्या शोचूला माएवारी म्हणतात. सहा भाग शोचू, चार भाग पाणी. बाटली बहुधा 25 टक्क्यांची असते, म्हणजे मिश्रण 15 टक्क्यांवर येतं. 720 मिलीच्या बाटलीचं 1200 मिली होतं, सहा जणांना पुरे. पाणी मृदू हवं; युरोपातून येणारं जड मिनरल वॉटर नको. स्वच्छ बाटलीत भरा, बूच लावा, थंड जागी ठेवा. एक रात्र तरी हवीच, दोन-तीन दिवस मिळाले तर आणखी चांगलं. ताज्या मिश्रणात अल्कोहोल वेगळं टोचतं, मुरलेल्यात ते बोचत नाही. सकाळी उठून मिसळू, असं म्हणू नका. मीही तेच म्हटलं होतं.

गरम करायची ती गरम पाण्यात भांडं ठेवून, साधारण 45 अंशांपर्यंत. कुरोजोका, म्हणजे तिथली काळी मातीची चपटी किटली, असेल तर अगदी मंद आच. उकळी नको. माएवारी राहिलीच तर पेल्यात आधी 70-80 अंशांचं पाणी आणि त्यावर शोचू. गार शोचू खाली उतरते आणि आपोआप मिसळते. पण ही तडजोड आहे, मुरवण्याची बरोबरी तिला येत नाही.

त्या दिवशी घरात उदबत्ती नको, अत्तर नको, फोडणी तर दुपारीच उरका. लहान फ्लॅटमध्ये हिंगाचा वास तासन्‌तास जात नाही आणि या शोचूचं सगळं वैभव वासातच आहे. कुणीतरी “गोड आहे” म्हणेलच. तिच्यात साखर नसते, साखर गाळताना मागेच राहते. गोड वाटतो तो वास. हे पाहुण्यांना आधी सांगू नका, प्यायल्यावर सांगा.

खाण्यात सात्सुमाआगे, म्हणजे किंचित गोडसर तळलेली माशाची वडी, आणि क्यूशूचा गोड सोया सॉस. डुकराच्या बरगड्या मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट), काळी साखर आणि शोचूत शिजवलेलं कागोशिमाचं तोनकोत्सु जमलं तर फारच उत्तम. तेलकट, गोडखारट घासावर ही शोचू खुलते. आमच्यात निम्मे शाकाहारी, त्यांच्यासाठी तळलेल्या वांग्यावर गोड मिसो, आणि भाजलेलं रताळं खारट लोण्याबरोबर. रताळं सगळ्यांना द्याच, पेल्यातला वास त्याच्याशी ताडून बघता येतो. ठेचा नको. तिखटावर अल्कोहोल आणखी जाळतं.

ओतताना हात आखडू नका. कागोशिमातल्या इसा शहरातल्या कोरियामा हाचिमान देवळात 1559 सालचा सुतारांचा मजकूर सापडला आहे: इथला प्रमुख इतका चिक्कू की त्याने एकदाही शोचू पाजली नाही. ती शोचू रताळ्याची नसणार, रताळं सात्सुमात, म्हणजे जुन्या कागोशिमात, आलं 1705 मध्ये. पण तक्रार साडेचारशे वर्षं टिकली.

आधी घोटभर कोरी, मग बर्फावर, मग माएवारी. मध्ये साधं पाणी. गाडीने येणाऱ्याला द्यायची नाही, जपानात पाजणाऱ्यालाही शिक्षा आहे. शेवटच्या ट्रेनची वेळ बघून ठेवा. पेले, रुमाल वगैरे तुम्हाला माहीत आहे. आणि शुक्रवारी रात्री पाणी.