वीज गेल्यानंतर न अडकणारा घरचा सर्व्हर

मालवणच्या घरी फोटो आणि कागदपत्रे साठवण्यासाठी मी एका छोट्या संगणकावर ओपनबीएसडी ही कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) चालवतो. १९९५ पासून विकसित होणारी ही प्रणाली साधारण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देते, आणि तिची बहुतेक मांडणी (सेटिंग) साध्या मजकुराच्या फायलींत असते. (संगणक बिनपंख्याचा आहे, खाऱ्या हवेत तेच बरे.)

अडचण पावसाळ्यातली होती. या प्रणालीच्या फाइल सिस्टीमला, म्हणजे डिस्कवर फायली ठेवण्याच्या रचनेला, जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) नसल्यामुळे वीज अचानक गेल्यास पुढच्या वेळी सुरू होताना डिस्कची तपासणी होते, आणि आपोआप दुरुस्त करता न येणारा दोष आढळला, तर यंत्र एकल-वापरकर्ता (फक्त दुरुस्तीसाठीच्या) अवस्थेत थांबून कीबोर्डवर कोणीतरी बसण्याची वाट पाहते. मी नोकरीसाठी रत्नागिरीत असल्याने ते शक्य नसे.

उपाय असा केला. माहितीचे मोठे विभाजन (डिस्कचा वेगळा भाग) एफएसटॅब या विभाजनांच्या यादीच्या फायलीत ‘नोऑटो’, म्हणजे आपोआप न जोडले जाणारे, केले आणि त्या ओळीतला शेवटचा आकडा, म्हणजे तपासणीचा क्रम, ० ठेवला. त्यामुळे त्या विभाजनात दोष असला तरी मूळ प्रणाली आणि एसएसएच (दुरून यंत्रात शिरण्याची सोय) सुरू होतात. नंतर ‘आरसी डॉट लोकल’ ही यंत्र सुरू होताना चालणारी फाइल ‘वाय’ पर्यायासह एफएससीके ही डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा चालवते, ते यशस्वी झाल्यावरच विभाजन जोडते आणि त्यावर अवलंबून असलेल्या सेवा सुरू करते. या सेवा आपोआप सुरू होणाऱ्या यादीतून आधीच काढाव्या लागतात, कारण त्या यादीची पाळी या फायलीच्या अगोदर येते.

‘वाय’ पर्याय प्रत्येक प्रश्नाला होकार देतो, त्यामुळे क्वचित एखादी फाइल गमावली जाऊ शकते. म्हणून रोजची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतो, तसेच वीज परतताच यंत्र चालू होण्याची सोय बायॉसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) केली आहे.