पार्किन्सनमध्ये दारात पाय अडला तर

पार्किन्सन हा मेंदूचा आजार असलेल्या बऱ्याच माणसांचे पाय दाराशी आले की जमिनीला चिकटल्यासारखे होतात. नाशिकच्या पंचवटीतल्या जुन्या वाड्यात राहणाऱ्यांना, जिथे उंबरा ओलांडूनच आत जायचं, हे रोजचंच.

१. फरशीवर उठून दिसेल अशी रंगीत चिकटपट्टी आणा.
२. दाराच्या अलीकडे-पलीकडे आडव्या पट्ट्या लावा, दोन पट्ट्यांत त्या माणसाच्या एका ढांगेएवढं, साधारण दीड फूट, अंतर ठेवून.
३. पट्टीवर पाय न ठेवता ती ओलांडायला सांगा.

बाहेर, कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर वगैरे, पट्ट्या कुठल्या? तिथे 'एक-दोन, एक-दोन' ठेक्यात मोजा. बऱ्याच जणांना तेवढंही पुरतं.

पाय अडल्यावर हात धरून ओढू मात्र नका, तोल जातो. थांबू द्या, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेऊ द्या, मग पाऊल. पट्टीची कड सुटली तर ती त्याच दिवशी बदला.