दाजींचे ६० हजार आणि खरेदीआधीची तयारी

बेदाण्याचा सौदा झाला की दाजी तुला गेमिंग कॉम्प्युटरसाठी ६०,००० रुपये देणार, हे तुझ्या आईकडून कळलं. पाठोपाठ तुझे ग्राफिक्स कार्डांचे स्क्रीनशॉट आले. कार्डाला इतक्यात हात लावू नकोस. मी मित्रांची, त्यांच्या पोरांची बरीच मशीन जुळवून दिली आहेत. ज्यांनी खरेदी कार्डापासून सुरू केली, त्यांच्याकडे एसएमपीएस (भिंतीतली वीज मशीनला पुरवणारा भाग) घेताना पैसे उरले नव्हते. म्हणून आपली यादी भिंतीपासून सुरू होते.

भिंत म्हणजे तुझ्या टेबलामागचा तीन पिनांचा सॉकेट. सांगलीच्या गावभागातलं जुनं घर. वरच्या मोठ्या भोकात वायर असेलच असं नाही, आणि असली तरी ती कुठे जाऊन संपते हे आजोबांनाच माहीत होतं. एसएमपीएसच्या आत विजेतली खरखर गाळायला छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रलपासून लोखंडी पेटीला जोडलेले. अर्थिंग धड असेल तर त्यांतून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेटवर, म्हणजे सगळे भाग बसतात त्या पत्र्याच्या खोक्यावर, निम्मा व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, बसून राहतो आणि अनवाणी पायाने हात लावला की मुंग्या येतात. मग पोरं ‘कॅबिनेट करंट मारतंय’ म्हणून दुकानदाराशी भांडायला जातात. इलेक्ट्रिशियनला बोलाव आणि नुसता टेस्टर नको, मल्टिमीटर घेऊन या म्हणून सांग. फेज-न्यूट्रल २३० च्या जवळपास, फेज-अर्थही तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. हे तीन आकडे वहीत लिहून घे. तिसरा आकडा जास्त आला तर परसातला अर्थिंगचा खड्डा बघायला लाव. मीठ-कोळशाचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो. कधी कधी बादलीभर पाण्याने काम भागतं. नाही भागलं तर नवीन अर्थिंग, आणि त्याचा खर्च या ६०,००० मधून नाही. फ्रिज आणि वॉशिंग मशीनही त्याच अर्थिंगवर चालतात असं आईला सांग, ती ऐकेल.

इलेक्ट्रिशियन घरात आहे तोवर टेबलाची जागाही ठरव. कॅबिनेट टेबलावर राहील, खाली नाही. एक तर जमिनीलगत धूळ जास्त ओढली जाते. दुसरं म्हणजे २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं तेव्हा तू लहान होतास, पण माळ्यावर काय काय चढवलं ते आजीला विचार. पावसाळ्यात पाणी ४० फुटांवर गेल्याची बातमी आली की वायरी काढून कॅबिनेट उचलता आलं पाहिजे. म्हणून काचेचं, दहा-बारा किलोचं, रंगीत दिव्यांचं धूड नको. पुढून जाळीचं, धुळीची गाळणी सुटी काढता येणारं, मागे एक आणि पुढे दोन पंखे असलेलं साधं कॅबिनेट बघ. पुढचा भाग बंद काचेचा असेल तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात आत भट्टी होते.

आता एसएमपीएस. माझ्या पहिल्या मशीनमध्ये कॅबिनेटबरोबर फुकट आलेला होता, वर ठळक ४५० वॉट छापलेलं. एका रात्री लाइट जाऊन परत आली तेव्हा तो फटकन उडाला आणि जाताना मदरबोर्डही (सगळे भाग ज्यावर जोडतात ती मुख्य पाटी) घेऊन गेला. तू ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझचा, निदान पाच वर्षं वॉरंटीचा घे. ब्राँझचा शिक्का विजेची नासाडी किती कमी होते एवढंच सांगतो, आतला माल कसा आहे ते नाही. वॉरंटीची वर्षं मात्र कंपनीला स्वतःच्या मालावर किती भरवसा आहे ते सांगतात. इथे हजार रुपये वाचवायचे नाहीत. माझ्या हिशेबात एसएमपीएस आणि यूपीएस मिळून ९,००० बाजूला काढलेत, आणि तुझ्या कुठल्याच स्क्रीनशॉटमध्ये यांतलं एकही नाही.

यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेलं असतं तेव्हा तो साधारण ३६० वॉटच देतो. आपलं मशीन खेळताना ३०० च्या आत राहील, पण मॉनिटर धरून काठावर येईल. म्हणून हजार व्हीएच्या आसपासचा. त्यावर खेळायचं नसतं. लाइट गेली की सेव्ह करून बंद करायला पाच मिनिटं मिळतात. घरातल्या जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हे मशीन लावू नकोस.

मग एक कागद घे आणि पुढची दोन वर्षं तू खरंच काय खेळणार ते लिही. ‘सगळं’ असं लिहू नकोस. व्हॅलोरंट आणि मित्रांबरोबर जीटीए फाइव्ह, मध्येच एखादी नवी मोठी गेम, एवढंच असेल तर २४ इंची, १०८० रिझोल्यूशनचा, १०० हर्ट्झ (सेकंदाला १०० वेळा चित्र बदलणारा) किंवा जास्तीचा आयपीएस (बाजूनेही रंग नीट दिसणारा) मॉनिटर पुरे. मॉनिटर आधी ठरवायचा, कारण कार्डाला किती ठिपके रंगवायचे ते पडदाच ठरवतो. १४४० चा पडदा घेतलास तर जवळजवळ पावणेदोनपट काम वाढतं आणि आपलं बजेट तिथेच मोडतं.

पडदा ठरला की प्रोसेसर. रायझन ५ ५६०० घे: सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॉट, पंखा डब्यातच मिळतो. इंटेलमध्ये त्याच्या तोडीचा आय५ १२४००एफ. जिथे स्वस्त पडेल तो, यात इभ्रतीचा प्रश्न करू नकोस. मात्र ५६०० आणि ५६००जी यांत घोळ होतो. जी वाल्याच्या पोटात ग्राफिक्स असतं, पण कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) निम्मी, ३२ ऐवजी १६ एमबी, आणि कार्डाशी बोलायची वाट जुनी, पीसीआयई ३.०. कार्ड आत्ताच घ्यायचं असेल तर जी घेऊन काय करणार? उलट साध्या ५६०० ला आणि इंटेलच्या एफ वाल्यांना कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसत नाही, हेही ध्यानात ठेव. कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ म्हणून अंधारात बसलेले दोघे माझ्या ओळखीत आहेत. रायझन घेतलास तर मदरबोर्ड बी५५० चा, चार रॅम स्लॉटचा मिळाला तर उत्तम. तो ए५२० पेक्षा थोडा महाग पडतो, पण पुढे रॅम वाढवायची सोय राहते.

कार्डात आठ जीबीच्या खाली जायचं नाही, ही एकच अट मी घालतो. आरएक्स ६६०० आपल्या बजेटात बसतं, १३२ वॉट खातं आणि त्याला आठ पिनांची एकच वायर लागते. आरएक्स ६५०० एक्सटी नाव वाचून जवळचं वाटेल, पण त्यात चार जीबी, पीसीआयईच्या चारच लेन, आणि गेम रेकॉर्ड करायचं हार्डवेअरही नाही. आरटीएक्स ३०५० दोन प्रकारचं येतं, आठ जीबी आणि सहा जीबी. दुकानात नुसतं ‘३०५०’ म्हणाले तर किती जीबी ते डब्यावर वाच. सेकंडहँड घ्यायचं असेल तर समोर अर्धा तास गेम चालवून, पंख्याचा आवाज ऐकून, मूळ बिल हातात घेऊनच. इथेरियम या डिजिटल चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये थांबलं, त्यानंतर दिवस-रात्र राबलेली कितीतरी कार्डं स्वच्छ पुसून बाजारात आली.

जुळवून तयार मशीनच्या नादी तर अजिबात लागू नकोस. गेल्या दिवाळीत एका दुकानात मला दाखवलं: आय७, १६ जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स, किंमत बघून तोंडाला पाणी सुटावं. खोललं तर प्रोसेसर आय७ २६००, म्हणजे २०११ चा, आणि कार्ड जीटी ७३०, २०१४ चं. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या नव्या बोर्डांवरच्या सुरक्षेच्या सोयी मागतं. म्हणजे तुझीच गेम त्यावर धड चालली नसती. ‘आय७ आहे ना’ एवढ्यावर दाजी खूश झाले असते, म्हणून त्यांना एकट्याला दुकानात पाठवू नकोस.

रॅम १६ जीबी, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या, डीडीआर४ ३२००. एकच सोळाची घेतलीस तर प्रोसेसरची अर्धी वाट बंद राहते. २०२५ च्या शेवटाकडे रॅमचे भाव भडकले, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी माल एआयच्या सर्व्हरांकडे वळवला. त्यामुळे जुन्या व्हिडिओतला भाव धरून हिशेब मांडू नकोस, त्या आठवड्याचा भाव विचार. एसएसडी (फाइली आणि गेम साठवायची जागा) एनव्हीएमई, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी वेगवान, ५०० जीबीने सुरुवात. जीटीए फाइव्ह एकटीच शंभर जीबीच्या घरात जाते, पण दुसरी एसएसडी पुढच्या वर्षी लावता येते.

भाव विचारताना पहिला प्रश्न ‘जीएसटी धरून का?’ सुट्या भागांवर १८ टक्के आहे, आणि दुकानात तोंडी सांगितलेला भाव पुष्कळदा त्याशिवायचा असतो. सांगली, कोल्हापूर आणि ऑनलाइन असे तीन रकाने आख. शे-पाचशेचाच फरक असेल तर सांगलीतलं दुकान घे, कारण बंद पडलेला बोर्ड पिशवीत घालून सायकलवर नेता येतो. पक्कं बिल, त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर, आणि डब्यावरच्या नंबराशी तो तिथेच ताडून बघायचा. बिनबिलाचा माल दोन हजारांनी स्वस्त मिळेल, नको. डबे माळ्यावर जपून ठेव, वॉरंटीला पाठवताना लागतात.

जोडणीसाठी मी मिरजेहून वडापने (शेअर जीपने) येतो. तू फक्त चांगला चौफुलीचा, लोहचुंबक टोकाचा स्क्रूड्रायव्हर आणून ठेव. बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्याला टेकू न देणारे छोटे खांब) मोजायचे, मागची पत्र्याची पट्टी बोर्डाआधी बसवायची, रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, कूलरवर (प्रोसेसरवरच्या पंख्यावर) पेस्ट आधीच लावलेली असते ती बोटाने पुसायची नाही. रायझन ५६०० प्रोसेसरच्या पिना खालून निघालेल्या असतात. त्याला खाली पडू द्यायचं नाही, एवढं जपलं तर बाकी सगळं स्क्रू पिळण्याचं काम आहे. सुरू झालं की बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला पूर्ण वेग देणारा पर्याय, चालू, नाहीतर ३२०० ची रॅम हळू चालते. मॉनिटरची वायर कार्डात, बोर्डात नाही. आणि विंडोजमध्ये हर्ट्झ १०० वर नेणं. कित्येक पोरं महागडा मॉनिटर वर्षभर ६० वर चालवतात.

बेदाण्याचे पैसे कधी जमा होतात ते कळव, त्याच्या पुढच्या रविवारी येतो. तोवर एकही डबा फोडू नकोस. मल्टिमीटरचे ते तीन आकडे मात्र त्याआधी मला व्हॉट्सअॅपवर आलेले असू देत.