बॉनेटखालचा आवाज घरच्या घरी कसा शोधायचा (आणि माझा कसा सापडला)

गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीतून घरघर यायला लागली. मी रोज सातारा-कोरेगाव ये-जा करते, गाडी छोटी पेट्रोल, दहा-बारा वर्षं जुनी. आधी वाटलं पावसाने काहीतरी ओलं झालं असेल, जाईल आपोआप, पण नाही गेली. एका गॅरेजला दाखवली तर त्यांनी बॉनेट उघडून पाच मिनिटं ऐकलं आणि बेल्ट बदलला, चार दिवस बरं वाटलं की परत तेच, दुसऱ्याने सांगितलं अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) गेलाय नवीन टाका. तेव्हा मी ठरवलं की आता एकही पार्ट आवाज नक्की कुठून येतोय ते कळल्याशिवाय घ्यायचा नाही. आणि हेच मला सगळ्यांना सांगायचंय, आधी आवाज पकडा, मग पाना हातात घ्या. अंदाजाने पार्ट बदलत गेलं की पैसे जातात आणि आवाज तिथेच राहतो.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे बॉनेट उघडायचंच नाही. दोन दिवस गाडी नेहमीसारखी चालवा आणि आवाज कधी येतो ते मोबाईलमध्ये लिहून ठेवा. सकाळी गार इंजिनला येतो का गरम झाल्यावर, रेस वाढवली की वाढतो का, वळताना येतो का, एसी लावल्यावर बदलतो का, घाट चढताना येतो का उतरताना, क्लच दाबल्यावर काय होतं. ह्या उत्तरांतच अर्धं काम होतं.

मग गाडी सपाट जागेवर उभी करून न्यूट्रलला हळूहळू रेस द्या. आवाज जागेवर पण येतोय आणि रेसबरोबर वाढतोय म्हणजे तो इंजिनचा किंवा इंजिनवर फिरणाऱ्या वस्तूंचा. जागेवर काहीच नाही आणि गाडी पळायला लागली की स्पीडप्रमाणे वाढतो, तर तो चाकाचं बेअरिंग, टायर, ब्रेक असल्या कुठल्यातरी गोष्टीचा, त्यासाठी बॉनेटखाली डोकं घालून उपयोग नाही. क्लचचं पण इथेच बघून घ्या, न्यूट्रलला क्लच दाबला की आवाज बंद होत असेल तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगकडे संशय जातो, आणि उलट दाबल्यावरच सुरू होत असेल तर क्लचच्या रिलीज बेअरिंगकडे. दोन्ही कामं गिअरबॉक्स उतरवायची, ती घरी करू नका, पण मिस्त्रीकडे जाताना एवढं सांगता आलं तरी खूप झालं.

साताऱ्यातल्या लोकांसाठी एक सोय आहे, सज्जनगड-ठोसेघरच्या रस्त्याला अजिंक्यताऱ्याखालचा बोगदा. पहाटे गर्दी नसताना सगळ्या काचा खाली करून, रेडिओ बंद ठेवून, सेकंड गिअरमध्ये शांतपणे त्यातून गाडी न्या. एरवी मोकळ्या रस्त्यावर जो आवाज उडून जातो तो भिंतीवर आपटून परत कानावर येतो. आत थांबायचं नाही आणि उगाच रेस पण करायची नाही, बोगदा अरुंद आहे. मला तिथे पहिल्यांदा नीट कळलं की घरघर एकसारखी आहे, मध्येच तुटत नाही, आणि रेस सोडली की इंजिनबरोबरच खाली येते. टिकटिक नाही, ठकठक नाही, म्हणजे काहीतरी गोल फिरणारं आणि कोरडं पडलेलं.

आता बॉनेट. इथे जरा कडक बोलते कारण हात जाऊ शकतो. ओढणी, साडीचा पदर, सैल बाही, गळ्यातलं, बांगड्या, मोकळे केस, काहीही लोंबकळत ठेवायचं नाही. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल, चाकाला दगड लावा. शटर बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, सायलेन्सरमधून कार्बन मोनॉक्साईड येतो, त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असताना पण अचानक फिरू शकतो, तिथे बोट घालू नका. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आणि गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही.

सगळ्यात आधी ऑइल बघा. सपाट जागेवर, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबून ऑइलची पट्टी काढायची, पुसायची, परत पूर्ण घालून काढायची. लेव्हल दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. खाली असेल तर थोडं थोडं घालत भरा, वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नका. टॅपेटच्या, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांच्या, कितीतरी टिकटिकी नुसत्या ऑइल कमी झाल्यामुळे असतात. माझं ऑइल बरोबर होतं.

पुढे पाण्याची टेस्ट, ही मला फार आवडते कारण फुकट आहे. झाडांना पाणी मारायची स्प्रेची बाटली घ्या, इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता, ठेवा आणि बेल्टच्या आतल्या, खाचांच्या बाजूवर लांबून थोडंसं पाणी मारा. चिरचिर क्षणभर थांबून परत सुरू झाली तर बहुतेक पुल्या एका रेषेत नाहीत. पाणी मारल्यावर चिरचिर वाढली तर बेल्ट ढिला आहे, घसरतोय. काहीच फरक पडला नाही तर आवाज बेल्टचा नाहीच. माझ्या गाडीत काडीचा फरक पडला नाही, म्हणजे गॅरेजवाल्याने चांगला बेल्ट उगाच बदलला होता. आणि हो, बेल्टला साबण किंवा पावडर लावायचा उपाय पुष्कळ जण सांगतात, लावू नका, दोन दिवस गप्प बसतो आणि मग बेल्ट खराब होतो.

मग मी ऐकायला लागले. मोठा स्क्रू ड्रायव्हर घेऊन टोक एकेका भागाला टेकवायचं आणि मूठ कानाच्या पुढच्या हाडाला लावायची, ज्या भागात आवाज आहे तिथे तो एकदम डोक्यात घुमतो. मी तेच करत होते तर आमचे सासरे, आप्पा, बाहेर आले. आप्पांनी विहिरीवरचं डिझेल इंजिन कितीतरी वर्षं सांभाळलंय. म्हणाले, "अगं स्क्रू ड्रायव्हर आखूड हाय, पट्ट्यात जाशील. काठी घे काठी." आणि जुन्या झाडूचा लाकडी दांडा आणून दिला. खरंच, लांब काठीने तोंड पण लांब राहतं आणि आवाज तितकाच स्पष्ट येतो. धाकटे दीर सीटवर बसले, मी "भाऊजी, थोडी रेस द्या, हां, तिथेच धरा" म्हणत एकेक ठिकाण ऐकत गेले. काठी नेहमी न फिरणाऱ्या भागावर टेकवायची, म्हणजे बॉडी, ब्रॅकेट, बोल्ट. फिरत्या पुलीवर किंवा बेल्टवर कधीच नाही.

अल्टरनेटरवर लावली, नुसती गुणगुण, अगदी निरोगी. वॉटर पंपाजवळ शांत. एसीच्या कॉम्प्रेसरवर थोडी घरघर, पण लांबून आल्यासारखी. त्याच्या शेजारी एक छोटी पुली असते, बेल्टला ताण देणारी, तिच्या ब्रॅकेटवर काठी लावली आणि मी दचकून मागेच सरकले, जात्यात खडा आल्यासारखा आवाज. आप्पांना ऐकवला, ते नुसती मान हलवून म्हणाले, "बेरिंग."

इथे एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती. मी एसी बंद ठेवून पण आवाज येतोय म्हणून एसीची बाजू सोडूनच दिली होती. पण एसी बंद असला तरी त्याचा बेल्ट आणि पुल्या फिरतच असतात, फक्त कॉम्प्रेसरचा क्लच (पायाखालचा नव्हे, कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा) सुटलेला असतो. त्यामुळे एसी लावल्यावरच आवाज येत असेल तर कॉम्प्रेसर किंवा त्याचा क्लच बघा, पण दोन्ही वेळेला सारखाच येत असेल तर ताण देणारी पुली निर्दोष आहे असं समजू नका.

खात्री करायला बेल्ट काढला. गार इंजिनवर, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून. आधी मोबाईलवर दोन-तीन फोटो काढा, बेल्ट कुठून कसा गेलाय ते नंतर आठवत नाही. बेल्ट परत तोच लावायचा असेल तर खडूने फिरायची दिशा लिहून ठेवा. माझ्या गाडीत एसीचा बेल्ट वेगळा आणि बाहेरच्या बाजूला आहे, पुलीचा मधला नट ढिला केला, ताणाचा लांब बोल्ट उलटा फिरवला की बेल्ट हातात. बॅटरी जोडून इंजिन वीस सेकंद चालू केलं, आवाज गायब! भाऊजी आतून ओरडले, "वहिनी, गेला की ओ!" बऱ्याच नवीन गाड्यांत एकच लांब बेल्ट सगळं फिरवतो, तो काढला की अल्टरनेटर आणि बहुतेक वेळा वॉटर पंप पण थांबतो, तेव्हा अर्ध्या मिनिटाच्या वर इंजिन चालवायचं नाही, पाणी फिरत नसतं.

मग परत बॅटरी सोडून एकेक पुली हाताने फिरवली. चांगली पुली थोडा विरोध करत, आवाज न करता फिरते आणि हलवली तर डुगडुगत नाही. माझी छोटी पुली सायकलच्या चाकासारखी मोकळी गरगर फिरली आणि खरखर वाजली. मोकळी फिरते म्हणजे चांगली असं वाटतं, पण उलट आहे, आतलं ग्रीस संपलेलं असतं.

पुली काढली, बेअरिंगच्या सीलवर ६२०३ असं कोरलेलं. हा नंबर जगभर एकच, आतलं भोक १७ मिमी, बाहेरचा व्यास ४० मिमी, जाडी १२ मिमी. तुमच्या पुलीवर दुसरा नंबर असेल, जुनं बेअरिंग दुकानात घेऊनच जा. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं मागा, पत्र्याच्या शिल्डचं नको, आपल्याकडच्या पावसात आणि चिखलात रबरी सील टिकतं. ते बसवायला मी लेथवाल्याकडे गेले, त्याच्याकडे प्रेस असतो. घरी हातोडीने ठोकून बसवू नका, आतल्या रिंगवर मार बसला की गोळ्यांच्या खाचांना वळ पडतात आणि नवीन बेअरिंग पण महिन्याभरात गुरगुरायला लागतं. सगळं मिळून अडीचशेच्या आत काम झालं, नव्या अल्टरनेटरचा आकडा काय होता तो सांगतच नाही.

परत बसवताना ताणाची काळजी घ्या. बेल्टच्या मधल्या भागावर अंगठ्याने दाबून बघायचं, किती मिलिमीटर दबला पाहिजे ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. ढिला राहिला तर चिरकतो, फार ताणला तर बेअरिंगं मरतात. माझं बेअरिंग कशाने गेलं ह्याचा मी विचार केला, मला वाटतं दोन कारणं, एक म्हणजे वॉशिंगला बॉनेटखाली जोरात मारलेला पाण्याचा फवारा, आणि दुसरं, घरघर आधीच सुरू झाली होती तरी तो बदललेला बेल्ट तारेसारखा ताणून बसवला, त्याने ते आणखी बिघडलं असणार. म्हणून आता मी वॉशिंगवाल्याला बॉनेट उघडूच देत नाही, घरीच ओल्या फडक्याने पुसते.

बाकीचे आवाज थोडक्यात सांगते कारण सगळ्यांचीच पुली गेलेली नसणार. ठराविक रेसवरच पत्रा खडखडतो आणि रेस थोडी कमी-जास्त केली की थांबतो, तर सायलेन्सरवरचं उष्णतेचं कवच ढिलं असतं, गार असताना हाताने हलवून बघा, बोल्ट गंजून तुटला असेल तर मोठी होज क्लिप लावून आवळली तरी चालते. सकाळी गार असताना टिकटिक, चढाला जास्त आणि गरम झाल्यावर कमी, असं असेल तर मॅनिफोल्डचं (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या जोडाचं) पॅकिंग लीक असू शकतं, जॉइंटला काळी काजळी दिसते का बघा. हे शोधायला तीन फूट रबरी नळी कानाला लावून दुसरं टोक जॉइंटभोवती फिरवा, हवेचा आवाज काठीपेक्षा नळीने चांगला कळतो. सुंऽऽ अशी शिट्टी आणि आयडल वर-खाली होत असेल तर त्याच नळीने व्हॅक्यूमचे पाइप (इंजिनच्या हवा ओढण्याच्या बाजूला जोडलेले बारीक रबरी पाइप) ऐका, तडकलेला पाइप बदलायला दहा मिनिटं लागतात. टॅपेटची टिकटिक इंजिनच्या अर्ध्या गतीने येते, कारण व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, अर्ध्या वेगाने फिरतो, ऑइल बरोबर असूनही येत असेल तर टॅपेटचं सेटिंग बघून घ्या. सीएनजीवाल्यांनी मात्र घाबरू नका, इंजेक्टरची टकटक थोडी असतेच, पेट्रोलवर टाकून बघा, गेली की समजायचं.

यवतेश्वरचा घाट चढताना वरच्या गिअरला गोट्या खळखळल्यासारखा आवाज येत असेल तर आधी गिअर खाली टाका. तरीही येतच राहिला तर पेट्रोल दुसऱ्या पंपावरचं भरून बघा, मग कार्बन आणि सेन्सर मिस्त्रीला बघू दे.

आणि एका आवाजाला घरी अजिबात हात लावू नका. खोलवरून येणारी जड ठकठक, रेस दिली की वाढणारी, लोड आला की जास्त, ती कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगची असू शकते. तसंच ऑइलचा लाल दिवा चालता चालता लागला तर कोरेगाव जवळ आहे, पोचू कसेतरी, असं करू नका. जिथे असाल तिथे बाजूला घेऊन इंजिन बंद, लेव्हल बघा, आणि ठकठक असेल तर गाडी टोइंगनेच न्या, कारण त्या अवस्थेत चालवलेले दोन किलोमीटर सुद्धा पूर्ण इंजिन खोलायला लावतात.

माझी गाडी जोडून झाल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे परत बोगद्यातून नेली, काचा खाली करून. आठवड्याने बेल्ट पुन्हा दाबून बघितला, नवीन बेल्ट थोडा सैल पडतो, अर्धा वेढा आवळावा लागला. जो जुना बेल्ट उगाच काढला होता त्याला चिरा नव्हत्या, तो आता बारा आणि चौदा नंबरच्या पान्यांबरोबर डिकीत ठेवलाय.