लॉन एका बाजूला बोडकं, दुसऱ्या बाजूला उंच? या चुका टाळा

कोल्हापूरच्या पन्हाळा रोडची फार्महाऊस असोत की हॉटेलांची आवारं, बसून चालवायच्या लॉन मॉवरची नेहमीची तक्रार हीच. कापणी वाकडी दिसली की पान्हा थेट डेकच्या, म्हणजे पात्यावरच्या लोखंडी झाकणाच्या, नटावर जातो. तिथंच पहिली चूक होते.

आधी टायर बघा. डेक चॅसिसला टांगलेला असतो. एका चाकात हवा कमी असली की डेकही तिकडं झुकतो. पुष्कळ गाड्यांना पुढं १४ आणि मागं १० पीएसआय लागते, तरी आपल्या मॅन्युअलमधला आकडाच धरा. पंक्चरवाल्याकडून दुचाकीच्या हिशेबानं २५-३० भरून आणू नका.

मग पातं. पार्किंग ब्रेक लावा, किल्ली खिशात टाका, स्पार्क प्लगची कॅप काढून लांब वळवून ठेवा, जाड हातमोजे घाला. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही. खाली भक्कम स्टँड हवेत. पन्हाळ्याकडच्या जांभ्याच्या खड्यांनी पात्याचं टोक वाकलेलं असेल तर ते ठोकून सरळ करू नका, बदला. तडा दिसला तरी तेच. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यात धार लावायला देताना बजावून सांगा: मूळ उतार तसाच ठेवा, धार निळी पडू देऊ नका. निळी पडली म्हणजे पाणी उतरलं, पोलादाचा कडकपणा गेला. ती धार टिकत नाही.

धार झाली की पातं मधल्या भोकातून भिंतीतल्या आडव्या खिळ्यावर अडकवा. एक टोक खाली गेलं तर ती बाजू जड आहे, तिथलं थोडं लोखंड घासा. हे टाळलं की गाडी थरथरते आणि पातं ज्यावर फिरतं त्या स्पिंडलचं बेअरिंग जातं. बसवताना पात्याचा उचललेला पंख वर, डेककडे. उलटं बसलं तर गवत कापत नाही, नुसतं फाटतं आणि शेंडे पिवळे पडतात.

एवढं झाल्यावरच डेक. गाडी सपाट कोब्यावर घ्या, डेक नेहमीच्या कापणीच्या उंचीवर ठेवा. पातं डावं-उजवं येईल असं फिरवून दोन्ही टोकं जमिनीपासून मोजा; डाव्या-उजव्यात ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर डेक टांगणाऱ्या लिंकचा नट थोडा थोडा फिरवा. नंतर पातं पुढं-मागं येईल असं फिरवून मोजा: बहुतेक गाड्यांत पुढचं टोक मागच्यापेक्षा ३ ते ६ मिमी खाली हवं. मागची बाजू खाली राहिली तर कापलेलंच गवत पुन्हा पात्यात येतं, इंजिनवर लोड पडतो.

पावसाळ्यात ओलं गवत कापू नका, डेकखाली लगदा धरतो. तो लाकडी पट्टीनं खरवडा. प्रेशरचं पाणी बेअरिंगवर मारू नका. जुलैच्या झडीत गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोल काढून ठेवा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि कार्बोरेटर खराब होतो. बऱ्याच छोट्या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये तर मर्यादा १० टक्क्यांचीच असते, तीही तपासा.

उतारावर गाडी वर-खाली चालवा, आडवी नको. १५ अंशांपेक्षा जास्त चढावर नेऊच नका.

खड्ड्यात गाडी उडाली की इंजिन बंद पडतं, म्हणून सीटखालच्या स्विचच्या वायरी थेट जोडून देणारे मिस्त्री भेटतात. हे कदापि करू देऊ नका. चालक खाली पडला तर पातं थांबवणारा तोच स्विच असतो. आधी त्याचा कनेक्टर साफ करून घट्ट बसवा. मग मोकळ्या जागेत, पातं चालू असताना, पाय पायरीवरच ठेवून सीटवरून किंचित उठा: इंजिन लगेच थांबलं पाहिजे. थांबलं नाही तर स्विच बदलेपर्यंत गाडी शेडमध्येच राहू द्या.