गाडीचा आवाज भारदस्त करायचा, तर कुठे कापायचं आणि कुठे नाही

इंजिनकडून मागे येताना क्रम असा: मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या नळ्या), धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे कॅट, मधला छोटा डबा म्हणजे रेझोनेटर, आणि बंपरखालचा मोठा सायलेन्सर. हात लावायचा तो या शेवटच्या डब्यालाच.

कॅट रिकामा करून देतो म्हणणारे बरेच भेटतील. नको. त्याच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर लगेच चुगली करतो, कॅट नीट काम करत नसल्याचा पी०४२० कोड येतो, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि पीयूसी अडकते. रेझोनेटर काढला तर आवाज भारी होत नाही, फाटतो. तीन सिलिंडरच्या गाडीत तर पत्र्याचा डबा घासल्यासारखा. २०२४ची नवी स्विफ्टही तीन सिलिंडरचीच, हे लक्षात असू द्या. डिझेलच्या वाटेला जाऊच नका.

आता कायदा. नव्या गाडीच्या मान्यतेच्या चाचणीत आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे. बदललेला सायलेन्सर त्यात बसेल याची खात्री कोणताही वेल्डर देणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ(४) खाली एका बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आवाजाचा मामला १९०(२)मध्ये गेला तर पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत. नागपूरच्या धंतोलीसारख्या दवाखान्यांच्या गर्दीत तर कुणी सांगायचीही गरज नाही. म्हणून मूळ डबा शक्यतो कापू नका. फ्लँजवर, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या चकतीवर, नटबोल्ट असतील तर तिथूनच उघडा आणि जुना डबा जपून ठेवा. दोन तासांत परत बसतो. आवाज करणारा सेट ट्रॅकसाठी किंवा खासगी आवारासाठी.

नवा डबा स्ट्रेट-थ्रू घ्या: आत छिद्रांची सरळ नळी, बाहेर आवाज शोषणारं पॅकिंग. १.२ लिटर पेट्रोलला २ इंचांपेक्षा मोठा पाइप नको, वायूचा वेग पडतो आणि खालचा पिकअप मंद होतो. डब्याची लांबी १४ ते १८ इंच. त्याहून आखूड डबा नुसता ओरडतो. छिद्रांच्या नळीवर आधी स्टीलच्या लोकरीचा थर आणि त्यावर ग्लासवूल असलेलाच डबा निवडा. नुसतं ग्लासवूल जळून शेपटातून, म्हणजे मागच्या टोकाच्या नळीतून, उडतं आणि काही महिन्यांत आवाज कर्कश होतो. पाइप ३०४ स्टीलचा, दीड मिलिमीटर जाडीचा, वेल्डिंग आर्गनचं. साध्या आर्क वेल्डिंगने पातळ पाइपला भोकं पडतात.

गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा. गाडी रॅम्पवर नाहीतर जॅकस्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि पेट्रोलची टाकी किती जवळ आहे ते डोळ्यांनी पाहा. आधी वेल्डिंगचे फक्त दोन-तीन टाके मारून डबा मूळ हँगर रबरांवर लटकवा, हाताने हलवून पाहा. बंपर, टाकी, चाक यांपासून किमान २५ मिमी मोकळं हवं; पाइप तापून लांबतो आणि नागपूरच्या मे महिन्यात बंपरचं प्लास्टिक आधीच मऊ झालेलं असतं. डबा मूळपेक्षा खाली लोंबला, तर गल्लीतून सिमेंट रस्त्यावर चढताना ती उंच कड पहिल्याच दिवशी घासेल. सगळं जुळलं की मगच पूर्ण शिवण. फ्लँजला नवं गॅस्केट, जुनं परत वापरू नका.

इंजिन थंड असताना सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, गाडी सुरू करून शेपटावर जाड फडकं क्षणभर धरा. बुडबुडे आले तिथे गळती. पॉप-पॉप आवाज बहुतेक वेळा तिथलाच असतो, ट्यूनिंगचा नव्हे.

खरी परीक्षा वर्धा रोडवर: काचा बंद, टॉप गियर, २,४०० आरपीएम. कानात दडा बसवणारी घूं-घूं आली तर तो ड्रोन. चार सिलिंडरला या फेऱ्यांवर ८० हर्ट्झ येतात. गरम वायूत तो मारायला बंद टोकाची बाजूची नळी साधारण १.३५ मीटर लांब लागते, आणि छोट्या गाडीखाली तेवढी जागा कुठून आणणार? त्यापेक्षा डबा चार इंच लांब घ्या. २०० किलोमीटरनंतर फ्लँजचे नट पुन्हा आवळा.