शिलाई मशीनची घरगुती दुरुस्ती: आधी सुई, शेवटी स्क्रू

टाके उडतात, दोरा सारखा तुटतो, कापडाखाली गुंता होतो, मशीन जड चालते. घरच्या शिलाई मशीनच्या तक्रारी फिरून फिरून याच. मूळ बहुतेक वेळा बोथट सुई, चुकीचा ओवलेला दोरा, साचलेले तूस नाहीतर वाळलेले तेल हेच निघते. तरी आपला हात पहिल्यांदा जातो तो स्क्रूंकडे. टेन्शनचे (दोऱ्याच्या ताणाचे) बटण फिरव, बॉबीन केसचा (खालच्या दोऱ्याची रिळी धरणाऱ्या डबीचा) स्क्रू पिळ, असे सुरू झाले की एका दोषाचे तीन होतात आणि पहिला कोणता हेही कळेनासे होते. म्हणून खालचा क्रम मोडू नका. एक पायरी झाली की चिंधीवर टीप मारून बघा. दोष गेला असेल तर तिथेच थांबा.

हाताशी घ्या: जाडसर केसांचा छोटा ब्रश, चिमटा, एक आखूड रुंद आणि एक अगदी बारीक स्क्रूड्रायव्हर, शिलाई मशीनचे तेल, सुती चिंध्या, टॉर्च, नवी सुई आणि दोन वेगळ्या रंगांचे दोरे. मोटरचे मशीन असेल तर नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढून ठेवा. सुईपाशी बोटे असताना पायाचा धक्का पेडलला लागायला वेळ लागत नाही.

१. सुई बदला

सुई चांगली दिसतेय म्हणून हे टाळू नका. साधारण आठ तास शिवून झाले की टोक बोथट होते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. सुई नवी असली तरी वाकडी असू शकते. तिची सपाट बाजू काचेवर टेकवा आणि सुई व काच यांच्यातली फट बघा. टोकाकडे ती कमीजास्त झाली तर सुई टाकून द्या.

पाकिटावर 90/14 असे दोन आकडे असतात. 90 म्हणजे सुईची जाडी 0.9 मिलीमीटर, 14 हा त्याच सुईचा जुन्या पद्धतीचा नंबर. पातळ कापडाला 11, रोजच्या सुती कापडाला 14, जीन्ससारख्या जाड कापडाला 16 किंवा 18. ताणल्या जाणाऱ्या होजिअरी कापडाला गोल टोकाची सुई लागते. साध्या सुईने तिथे टाके उडतात आणि दोष मात्र मशीनला दिला जातो.

सुई बसवताना ती वर टेकेपर्यंत सरकवा, मगच स्क्रू आवळा. सुईला एका बाजूने लांब खाच असते, दोरा त्या बाजूने ओवायचा. सपाट बाजू शटलकडे, म्हणजे सुईखाली फिरत दोऱ्याचा फासा उचलणाऱ्या भागाकडे. सुई उलटी बसली तर टाका पडतच नाही.

२. दोरा पुन्हा ओवा

कापडाखाली दोऱ्याचा गुंता झाला की सगळे बॉबीनला धरतात. खरे तर खाली दिसणारा तो गुंता वरच्या दोऱ्याचा असतो. दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेला नसतो, किंवा वरखाली होणाऱ्या लिव्हरच्या भोकातून निसटलेला असतो.

दोरा ओवताना दाबाचा पाय वर हवा, कारण पाय वर असतानाच चकत्या सैल होतात आणि दोरा आत जातो. ओवून झाल्यावर पाय वर ठेवून दोरा ओढा: तो सहज आला पाहिजे. आता पाय खाली करून ओढा: चांगला अडला पाहिजे. दोन्ही वेळा सारखाच सैल येत असेल तर दोरा चकत्यांच्या बाहेर आहे, नाहीतर चकत्यांमध्ये तूस अडकून त्या मिटत नाहीत. पाय वर ठेवून दुमडलेली सुती पट्टी चकत्यांमधून दोनचारदा फिरवली की ते निघते.

३. तूस काढा

निम्मी दुरुस्ती इथेच होते. सुई आणि दाबाचा पाय काढा, मग सुईखालच्या प्लेटचे स्क्रू सोडवा. आधी मोबाइलवर एक फोटो घेतलेला बरा. काढलेले स्क्रू पांढऱ्या फडक्यावर काढलेल्या क्रमाने मांडा.

कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या मधल्या खाचा बघा. बरेच दिवस साफ न केलेल्या मशीनमध्ये तिथे राखाडी रंगाची, घोंगडीसारखी घट्ट वडी बसलेली असते. दाते तिच्यामुळे पुरेसे वर येत नाहीत, मग कापड जागच्या जागी राहते आणि टाके एकावर एक पडतात. ती चिमट्याने अख्खी उपसून काढा, उरलेले ब्रशने. तोंडाने फुंकू नका. तूस आत ढकलले जाते आणि वाफेने लोखंड गंजते.

आता शटल. चाक हाताने फिरवून सुईचा दांडा सगळ्यात वर आणा आणि बॉबीन केस काढा. शटल धरून ठेवणारी कडी कुठे दोन बाजूंच्या खटक्यांनी निघते, कुठे स्क्रूंनी. कडी निघाली की मधली खुंटी धरून शटल बाहेर ओढा. ते फिरते त्या गोल खाचेत टॉर्च मारून बघा. तुटलेल्या दोऱ्याचा वीतभर तुकडा तिथे गुंडाळलेला सापडणे अगदी नेहमीचे, आणि खडखड आवाजही बऱ्याचदा त्याचाच असतो.

शटल हातात आहेच तर त्याच्या टोकावरून नख फिरवा. नख अडकले तर तिथे बारीक चरा आहे. दोरा त्याच जागी घासून तुटतो. अगदी बारीक पॉलिश पेपरने तो हलकेच गुळगुळीत करा, पण टोकाचा आकार बदलू देऊ नका. प्लेटच्या भोकाच्या कडाही अशाच तपासा. वाकडी सुई तिथे आपटून ओरखडे पडतात. परत बसवताना आतला फिरवणारा भाग अर्धचंद्रासारखा दिसेल. शटल त्याच्या उरलेल्या अर्ध्या बाजूला बसते आणि दोन्ही मिळून पूर्ण गोल होतो.

बॉबीन वरून टाकायचे मशीन असेल तर प्लास्टिकची केस उचलली की काम झाले. तिथे तेल घालायला जाऊ नका.

४. तेल द्या, पण मोजके

शिलाई मशीनचे पांढरे पातळ तेलच वापरा. खोबरेल किंवा कुठलेही खाण्याचे तेल वाळून चिकट होते आणि मशीन जाम करते. जिथे धातूवर धातू घासतो अशा प्रत्येक जागी एक थेंब पुरतो: वरची छिद्रे, सुईच्या दांड्याचे सांधे, डोके मागे कलंडवले की दिसणारे खालचे दांडे, आणि शटलची खाच. चकत्या, पट्टा आणि मोटर यांना तेल लावायचे नाही. दातेरी चाके असतील तर त्यांना तेलाऐवजी ग्रीस.

मशीन वर्षानुवर्षे पडून असेल आणि चाक जेमतेम फिरत असेल तर जुने तेल आधी सोडवावे लागते. छिद्रांत रॉकेलचे थेंब सोडा, चाक हाताने मागेपुढे फिरवत राहा, निघालेला तपकिरी राप पुसा, मग नवे तेल घाला. खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको, मोटर चालू करायची नाही. हे फक्त जुन्या लोखंडी मशीनसाठी. संगणकी किंवा प्लास्टिकच्या मशीनमध्ये माहितीपुस्तिकेने दाखवलेल्या जागांपलीकडे एक थेंबही घालू नका.

तेल दिल्यावर दोरा न ओवता थोडा वेळ चालवा, मग चिंधीवर शिवा. चिंधीवर डाग पडायचे थांबले की खरे कापड घ्या.

५. टेन्शन जुळवा

वर लाल, खाली पांढरा असा दोरा घाला आणि दुहेरी कापडावर टीप मारा. दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या आत दडली पाहिजे. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले तर वरचा दोरा जास्त ताणलेला आहे, खालच्या बाजूला लाल फासे दिसले तर तो सैल आहे. आधी वरचेच बटण फिरवा.

तेवढ्याने जमले नाही तरच बॉबीन केसकडे वळा. बॉबीन घातलेली केस दोऱ्याला लटकवा. ती जागच्या जागी राहिली पाहिजे आणि हलका झटका दिल्यावर थोडीशी घसरली पाहिजे. धाडकन खाली आली तर सैल आहे, झटक्यानेही हलली नाही तर घट्ट. केसवरच्या, दोरा दाबणाऱ्या पट्टीखाली तूस असेल तर कागदाची कड सरकवून काढा. बरेचदा एवढेच पुरते. केसवर दोन स्क्रू असतील तर पट्टीच्या मधला स्क्रू ताणाचा, टोकाचा नुसता पट्टी धरणारा. ताणाचा स्क्रू एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरवा, तोही खाली फडके अंथरून. तो निसटून पडला तर शोधताना डोळे दुखतील.

६. तरीही टाके उडत असतील तर

आता टायमिंग, म्हणजे सुई आणि शटलचा मेळ, तपासा. सुई खालच्या टोकाला जाऊन किंचित वर येते तेव्हा तिच्या मागे दोऱ्याचा छोटा फासा सुटतो. शटलचे टोक त्याच क्षणी येऊन तो फासा उचलते. टाका यातून पडतो. प्लेट काढलेली ठेवून चाक हाताने नेहमीच्या दिशेला सावकाश फिरवा. सुई साधारण दोन ते अडीच मिलीमीटर वर आली की शटलचे टोक सुईच्या नेढ्याच्या जरासे वरून, तिला जवळजवळ चिकटून पण न घासता गेले पाहिजे.

टोक नेढ्याच्या खालून किंवा खूप वरून जात असेल, तर जोरात अडकलेल्या कापडाने सुईचा दांडा सरकलेला असण्याची शक्यता मोठी. जुन्या लोखंडी मशीनमध्ये डावीकडची झाकणपट्टी काढली की दांडा धरणारा स्क्रू दिसतो. दांड्याच्या आत्ताच्या जागी पेन्सिलने खूण करा, स्क्रू किंचित सैल करा, दांडा केसभर सरकवा, आवळा, पुन्हा चाक फिरवून बघा. उंची बरोबर असूनही वेळ जुळत नसेल तर दोष खालच्या दांड्यात असतो. तो कारागिरासाठी सोडा.

चाक फिरते, सुई हलत नाही

बॉबीन भरताना चाकाच्या मधला गोल नट सैल केलेला असतो, तो आवळायचा राहून जातो. आवळूनही सुई ढिम्म असेल तर नटामागची कानांची चकती उलटी बसली आहे. काढून अर्धा फेरा फिरवून बसवा. पायाच्या मशीनचा चामडी पट्टा सैल होऊन घसरत असेल तर टोकाचा एक सेंटीमीटर कापून तारेची कडी पुन्हा लावा. मोटरचा पट्टा मात्र फार ताणू नका, बोटाने दाबल्यावर सेंटीमीटरभर आत गेला पाहिजे. जास्त ताणलेल्या पट्ट्यानेही मशीन जड चालते.

मोटरला जळका वास येत असेल, पेडल तापत असेल किंवा पाय न लावता मशीन सुटत असेल तर प्लग काढा आणि आतले काही उघडू नका. तुटलेले दातेरी चाक आणि संगणकी मशीनचे सर्किट हेही घरचे काम नव्हे. कारागिराकडे नेताना दोष दिसणारी टिपेची चिंधी, वापरलेली सुई आणि तोच दोरा बरोबर द्या, म्हणजे नेमके काय बघायचे ते त्याला लगेच कळेल.